सायकल ट्रॅकमुळे अपघात खरंच घटले का? मोजायचं कसं?

रस्त्यावर ट्रॅक झाला की दोन-तीन वर्षांनी एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘आधी नऊ अपघात झाले होते, नंतर सहाच झाले, म्हणजे एक-तृतीयांश घट.’ आकडे बरोबर असतील, पण त्याचं श्रेय ट्रॅकचं आहे हे त्यावरून ठरत नाही. लोकांनी त्या रस्त्यावर सायकल चालवणंच सोडलं असेल. आधीची तीन वर्षं नशिबाने वाईट गेली असतील. शहरभरच अपघात घटले असतील, किंवा पोलिसांची नोंदवण्याची पद्धत बदलली असेल. ही कारणं एकेक करून बाजूला काढणं, हेच मूल्यमापनाचं खरं काम. पुढची पद्धत पुण्यासारख्या शहरातला एखादा रस्ता डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. वॉर्ड ऑफिसमधला अभियंता, वाहतूक विषयाचे विद्यार्थी किंवा नागरिकांचा गट, कोणालाही ती वापरता येईल.

काम सुरू होण्याआधी

‘आधी’ची मोजणी जेसीबी यायच्या आत व्हायला हवी. निविदा निघाल्याचं कळलं की लगेच लागा. एकदा खोदाई झाली की आधीचा रस्ता कसा होता हे कोणीच सांगू शकत नाही, आणि निम्मी मूल्यमापनं इथेच मरतात.

पहिलं काम कागदावर करायचं. ही सुधारणा नेमका कोणता अपघात टाळणार आहे, ते एका वाक्यात लिहा. मागून किंवा बाजूने येणाऱ्या वाहनाची धडक, डावीकडे वळणाऱ्या वाहनाखाली येणं, उभ्या गाडीचं दार उघडून लागणं, खड्ड्यात किंवा चेंबरच्या झाकणावर घसरून पडणं, हे सगळे वेगवेगळे अपघात आहेत. वेगळा केलेला ट्रॅक यातला पहिला प्रकार कमी करतो. चौकात तो संपत असेल तर दुसरा प्रकार वाढवूही शकतो. म्हणून चौक आणि चौकांमधला रस्ता यांचा हिशोब सुरुवातीपासून वेगळा ठेवा. चौकाची हद्द आधीच ठरवून टाका, उदाहरणार्थ स्टॉप लाइनपासून ३० मीटर. ही हद्द नंतर ठरवली की निकालाला सोयीची होईल तशी ती सरकते, आणि हे प्रामाणिक माणसांकडूनही होतं.

दुसरं काम तुलनेच्या रस्त्यांची निवड. रुंदी, वाहतूक आणि दोन्ही बाजूंची वस्ती साधारण सारखी असलेले, पण या काळात काहीही सुधारणा न होणारे रस्ते घ्या, जितके जास्त तितके चांगले. शेजारचा समांतर रस्ता मात्र तुलनेला घेऊ नका. ट्रॅक झाल्यावर सायकलवाले तिकडून इकडे येतात आणि मोटारी इकडून तिकडे जातात, त्यामुळे तोही बदललेला असतो. त्याची मोजणी जरूर करा, पण अपघात नुसते तिकडे सरकले का, हे पाहण्यासाठी.

काळ आधी तीन पूर्ण वर्षं आणि नंतर तीन पूर्ण वर्षं असा घ्या. बांधकामाचे महिने आणि काम संपल्यावर लोक सरावेपर्यंतचे दोन-तीन महिने दोन्हीतून वगळा. २०२० आणि २०२१ ‘आधी’च्या काळात येत असतील तर तीही वगळून मागची वर्षं घ्या. लॉकडाउनमधला रस्ता कशाशीच जुळत नाही.

अपघातांची नोंद : इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पोलीस ठाण्यातून माहिती अधिकाराखाली नोंदी मागता येतात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये. रस्ता दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दीत असेल तर दोन अर्ज करा. मागायचं ते असं : गुन्हा क्रमांक, तारीख, वेळ, घटनास्थळ, दोन्ही वाहनांचा प्रकार, कलमं, जखमी किंवा मृत. नावं-पत्ते मागू नका. त्यांची गरज नाही, आणि ते मागितले की खासगी माहिती म्हणून अख्खा अर्ज अडकतो.

यादी हातात आली की पहिला सापळा शोधाचा. फाइलमध्ये ‘सायकल’ शब्द टाकून शोधलं तर सगळ्या मोटारसायकली बाहेर येतात. उलट जिथे ‘मो.सा.’ असं लिहिलंय आणि सायकलवाल्याला नुसतं ‘पादचारी’ किंवा ‘फिर्यादी’ म्हटलंय, तिथली सायकल निसटते. प्रत्येक नोंद डोळ्यांखालून घालण्याला पर्याय नाही.

दुसरा सापळा जागेचा. फिर्यादीत ‘अमुक हॉटेलसमोर रोडवर’ एवढंच असतं, आणि ते हॉटेल दोन वर्षांत नाव बदलतं. घटनास्थळाच्या पंचनाम्यात मात्र चारी दिशांच्या खुणा, रस्त्याची रुंदी आणि बहुतेकदा कच्चा नकाशा असतो. जागा ठरवायला पंचनामाच धरा. २०२१ पासून आयरॅड आणि त्यानंतर ई-डार या अपघात-नोंदीच्या सरकारी संगणक प्रणालीत अपघाताचे अक्षांश-रेखांश नोंदवले जातात. पण ती नोंद कधीकधी पोलीस ठाण्यात बसूनही होते. एकाच बिंदूवर, तोही ठाण्याच्या दारात, अपघातांचा ढीग दिसला तर कारण हेच.

तिसरा सापळा कलमांचा. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटना भारतीय दंड संहितेच्या २७९, ३३७, ३३८ आणि ३०४-अ या कलमांत सापडतील. त्यानंतरच्या भारतीय न्याय संहितेच्या २८१, १२५ (अ), १२५ (ब) आणि १०६ (१) मध्ये. जुनीच कलमं घेऊन शोधलं तर जुलै २०२४ नंतर अपघात संपलेच असं वाटेल. जखमी माणूस आठवड्याभराने दवाखान्यात दगावला तर मृत्यूचं कलम नंतर लागतं, म्हणून कलमवाढ झाली का हेही विचारा. अपघातानंतर ३० दिवसांत झालेला मृत्यू हा अपघाती मृत्यू, ही व्याख्या आधी आणि नंतर सारखीच वापरा.

एकट्याने पडलेला सायकलवाला तर या यादीत येतच नाही. समोर दुसरं वाहन नसलं की गुन्हा कोणावर नोंदवायचा? मृत्यू झाला तर तो अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरमध्ये जातो (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १९४), आणि नुसता हात मोडला तर कुठेच जात नाही. त्यासाठी जवळच्या रुग्णालयाचं एमएलसी (पोलिसांना कळवायच्या रुग्णांचं, मेडिको-लीगल केसचं) रजिस्टर आणि १०८ रुग्णवाहिकेच्या कॉलची आकडेवारी मिळते का पाहा. ट्रॅकचे पेव्हर ब्लॉक खचल्यामुळे पडणारे लोक फक्त इथेच दिसतात. ते मोजले नाहीत तर ट्रॅक आहे त्याहून चांगला भासतो.

नोंदवण्याची पद्धत मध्येच सुधारली, तर किरकोळ अपघात अचानक वाढल्यासारखे दिसतात. म्हणून मृत्यू व गंभीर जखमींचा आकडा वेगळा काढा. तो नोंदणीच्या बदलाने फारसा हलत नाही.

सायकली मोजणं

सायकली किती हे माहीत नसेल तर अपघात किती याला अर्थ नाही. १५-१५ मिनिटांचे रकाने आखून रस्त्याचा पूर्ण छेद, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत, मोजा. ट्रॅकवरून जाणारे, डांबरी रस्त्यावरून जाणारे, पदपथावरून जाणारे आणि उलट दिशेने येणारे असे चार रकाने, दोन्ही बाजूंना. ट्रॅक असूनही शंभरातले साठ डांबरी रस्त्यावरूनच जात असतील तर अपघात कमी झाल्याचं श्रेय ट्रॅकला कुठून देणार? उलट्या दिशेचा रकाना तर विसरूच नका. दुभाजकात फट नसल्याने अर्धा किलोमीटरचा वळसा पडतो, म्हणून लोक उलटे येतात, आणि गल्लीतून बाहेर पडणारा चालक तिकडे बघतच नाही.

वेळ निवडताना ‘गर्दीची वेळ म्हणजे सकाळी नऊ ते अकरा’ हे मोटारींचं गणित सायकलीला लावू नका. पहिल्या पाळीचे कामगार, सिक्युरिटी गार्ड आणि घरकामाला जाणारी मंडळी सहा ते आठमध्ये निघून गेलेली असतात. किमान सकाळी सहा ते रात्री आठ असा एक अख्खा दिवस मोजा, मग बाकीच्या दिवशी निवडक तास चालतील. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे तिकडे मंगळवार-बुधवार घ्या. रविवारी सकाळी हेल्मेट-जर्सीतले सायकलपटू भरपूर दिसतात. त्यांचा आकडा वेगळा ठेवा. शाळांच्या सुट्ट्या, गणपती, दिवाळी टाळा, आणि ‘नंतर’ची मोजणी त्याच महिन्यात करा. मेमधल्या मोजणीची जुलैशी तुलना म्हणजे ऊन आणि पाऊस मोजल्यासारखं आहे.

वेग आणि थोडक्यात हुकलेले अपघात

एका रस्त्यावर तीन वर्षांत सायकलींचे अपघात एक आकडीच असतात. त्यांची वाट बघत बसलो तर चूक सुधारायला फार उशीर होतो, म्हणून लवकर कळणाऱ्या दोन गोष्टी मोजायच्या.

पहिली मोटारींचा वेग. रस्त्याच्या कडेला बरोबर ५० मीटरवर दोन खुणा करा आणि स्टॉपवॉचने वेळ घ्या. ४.५ सेकंद म्हणजे ताशी ४० किलोमीटर, ६ सेकंद म्हणजे ३०, ३.६ सेकंद म्हणजे ५०. खुणा २०-३० मीटरवर केल्या तर ताशी ४० च्या वेगाला हाताच्या दोन-दशांश सेकंदाच्या चुकीनेही वेग सात टक्क्यांहून जास्त चुकतो. फक्त मोकळी वाहनं घ्या, म्हणजे पुढच्या वाहनापासून चार सेकंदांहून जास्त मागे असलेली. अशी किमान १०० वाहनं मोजा आणि वेगाच्या चढत्या क्रमाने लावून ८५ वं पाहा. सरासरीपेक्षा हा आकडा महत्त्वाचा, कारण जीव घेतात ते सगळ्यात वेगवान पंधरा. मोजणाऱ्याने चमकणारं जॅकेट घालून उभं राहू नये. पोलीस समजून सगळे हळू होतात.

वेग कमी करायला गतिरोधक केला असेल तर त्याचा आकारही मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकात दिलेला गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. तो ताशी २५ च्या वेगाने आरामात ओलांडता येतो. प्रत्यक्षात जागोजाग आढळतो तो फूट-दीड फूट रुंदीचा डांबराचा उंचवटा. त्याला चुकवायला सायकल आणि दुचाकी दोघीही कडेच्या गटाराजवळच्या अरुंद फटीत घुसतात, आणि जिथे अंतर हवं होतं तिथेच दोघी एकमेकींना चिकटतात.

दुसरी गोष्ट हुकलेल्या धडका. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून परवानगीने चौकाचा व्हिडिओ घ्या. आधी आणि नंतर तीच गॅलरी, तोच कोन, तेच तास. मग डावीकडे वळणारं प्रत्येक वाहन आणि सरळ जाणारी सायकल यांच्या वाटा जिथे छेदतात ती जागा पडद्यावर खूण करून ठेवा. पहिला तिथून बाहेर पडल्यापासून दुसरा तिथे पोचेपर्यंत किती वेळ गेला ते मोजा. दीड सेकंद किंवा कमी असेल तर तो धोक्याचा प्रसंग. सेकंदाला ३० चित्रं असतील तर ४५ चित्रं म्हणजे दीड सेकंद. मात्र बरेच मोबाइल उजेडानुसार चित्रांचा वेग आपोआप बदलतात. तो वेग कायम ठेवणारं सेटिंग लावा, नाहीतर संध्याकाळचे सगळे प्रसंग खोटे निघतील. शेवटी प्रसंगांची नुसती संख्या देऊ नका. दर शंभर सायकलींमागे किती प्रसंग, तेही किती वाहनं वळली याच्यासह द्या. आणि चेहरे व नंबर प्लेट दिसतील असा व्हिडिओ कुठेही टाकू नका.

हिशोब

आता त्या नऊ आणि सहाकडे. पुढचे सगळे आकडे पद्धत समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत.

ट्रॅकसाठी रस्ता बहुतेकदा अपघात जास्त झाले म्हणूनच निवडला जातो. ज्या तीन वर्षांत आकडा योगायोगाने चढला होता, नेमकी तीच आपण ‘आधी’ म्हणून धरतो. पुढच्या तीन वर्षांत काहीही न करता तो सरासरीकडे उतरतो. राष्ट्रीय महामार्गावरच्या ब्लॅक स्पॉटचा, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेचा, निकष (५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले ५ अपघात, किंवा १० मृत्यू) याच प्रकारचा आहे. त्यामुळे ब्लॅक स्पॉटवरच्या बहुतेक उपायांचं यश फुगवून दिसतं.

हे दुरुस्त करायची सोपी रीत अशी. तशाच २० रस्त्यांचे तीन वर्षांतले आकडे घ्या. समजा सरासरी ४ आणि प्रसरण (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप, व्हेरिअन्स) १२ आलं. सरासरीला प्रसरणाने भागा, ४ भागिले १२, म्हणजे एक-तृतीयांश. हे सरासरीचं वजन. उरलेलं दोन-तृतीयांश आपल्या रस्त्याच्या आकड्याचं. मग ४ चा तिसरा भाग १.३३ आणि ९ चे दोन-तृतीयांश ६, बेरीज ७.३३. म्हणजे या रस्त्याची खरी ‘आधी’ची पातळी ९ नसून साधारण सव्वासात होती.

आता तुलनेच्या रस्त्यांवर त्याच काळात १२० चे १०८ झाले असतील, म्हणजे दहा टक्के घट, तर ट्रॅक न करताही इथे ७.३३ चे ६.६ झाले असते. प्रत्यक्षात ६ झाले. तेहतीस टक्क्यांची घट बघता बघता नऊ टक्क्यांवर आली.

अजून सायकलींची संख्या बाकी आहे. सायकली दुप्पट झाल्या म्हणून अपघात दुप्पट होत नाहीत. पीटर जेकबसेन यांनी २००३ मध्ये अनेक शहरांची व देशांची आकडेवारी तपासून दाखवलं की अपघात साधारण संख्येच्या ०.४ घाताने वाढतात, म्हणजे सायकली दुप्पट झाल्या तर अपघात सुमारे ३२ टक्के वाढतात. हा घात आपल्या रस्त्यांना तंतोतंत लागू असेलच असं नाही, पण काहीच न धरण्यापेक्षा बरा. तुलनेच्या रस्त्यांपेक्षा आपल्याकडे सायकली २५ टक्क्यांनी जास्त वाढल्या असतील तर अपेक्षित आकडा ६.६ चा ७.२ होतो आणि घट १७ टक्के ठरते. त्या २५ टक्क्यांनी घटल्या असतील तर अपेक्षित ५.९, म्हणजे ट्रॅकने काहीच साधलं नाही. तेच नऊ, तेच सहा, आणि निष्कर्ष उलटा.

आणि हे सगळं केल्यावरही आकडे लहान आहेत. सहा अपघात नोंदले गेले, तर योगायोग धरून खरी पातळी २.२ ते १३.१ मध्ये कुठेही असू शकते. ‘शून्य अपघात’ झाले तरी पातळी तीनपर्यंत असण्याची शक्यता उरते, त्यामुळे शून्याचा फलक लावायची घाई नको. एकाच रस्त्यावरून निकाल लावणं म्हणूनच अवघड. दहा रस्त्यांचे मिळून ९० चे ६० झाले आणि तुलनेच्या रस्त्यांवर १२०० चे १०८०, तर ६०/९० ला १०८०/१२०० ने भागून गुणोत्तर ०.७४ येतं (१ म्हणजे ट्रॅकमुळे काहीच बदल नाही) आणि योगायोग धरून त्याची ९५ टक्क्यांची मर्यादा ०.५३ ते १.०४. म्हणजे अपघात निम्म्यावर आले असतील किंवा अजिबात बदलले नसतील, दोन्ही शक्य. तेही सरासरीकडे उतरण्याची दुरुस्ती करण्याआधी. महापालिकेने सगळ्या ट्रॅकची नोंद एकाच नमुन्यात ठेवली तरच असा एकत्र हिशोब जमतो.

ट्रॅकची पाहणी

निकाल वाईट आला तर दोष कल्पनेचा की बांधकामाचा, हे कळण्यासाठी एकदा सायकलवरून आणि एकदा चालत पूर्ण ट्रॅक बघा, शक्यतो तासभर पाऊस पडून गेल्यावर. बोलार्डमधलं (वाहनं अडवायला रोवलेल्या खांबांमधलं) अंतर दीड मीटरपेक्षा कमी असेल तर हँडलबार लागण्याची भीती असते, मालवाहू सायकलीला तर आणखी अवघड. पण दीड मीटरमधून स्कूटरही निघते. बोलार्डने दुचाकी थांबवण्याचा नाद सोडून तिथे दंडाची कारवाई होते का ते पाहा. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेला समांतर असतील तर त्या लगेच बदलायला सांगा. डीपी बॉक्स, बसथांबा, झाडाचं आळं आणि वडापावची गाडी यांची जागा मीटरमध्ये नोंदवा, आणि प्रत्येक ठिकाणी सायकलवाला कुठे वळतो ते लिहा. ट्रॅक जिथे संपतो ती जागा सगळ्यात महत्त्वाची. तिथे सायकल थेट धावत्या वाहतुकीत सोडली जाते का, हे दहा मिनिटं उभं राहून बघितलं तरी कळतं.

निकाल लिहिताना

चौकांचा आणि मधल्या रस्त्याचा निकाल वेगळा का द्यायचा, याचं उत्तम उदाहरण कोपनहेगनचं. सोरेन येन्सन यांनी तिथल्या ट्रॅकचा आधी-नंतरचा अभ्यास असे सगळे घटक दुरुस्त करून केला. चौकांमधल्या रस्त्यावर अपघात सुमारे दहा टक्के घटले, पण चौकांत सुमारे १८ टक्के वाढले, आणि एकूण आकडा वाढलेलाच निघाला. त्याच वेळी सायकलींची वाहतूक जवळपास वीस टक्के वाढली. एक कारण असं सापडलं की मुख्य रस्त्यावरचं पार्किंग बंद केल्याने मोटारी बाजूच्या गल्ल्यांत वळू लागल्या, आणि प्रत्येक वळण ट्रॅकला छेदून जात होतं. पार्किंग हटवून ट्रॅक करताना आपल्याकडेही हाच प्रश्न येणार, म्हणून गल्लीच्या तोंडाशी वळणाऱ्या गाड्या आधी-नंतर मोजलेल्या असाव्यात. येन्सन यांच्याच दुसऱ्या अभ्यासात चौकातला एक निळा सायकल पट्टा अपघात दहा टक्के घटवतो, पण एकाच चौकात दोन किंवा अधिक पट्टे आखले की अपघात वाढतात, असं दिसलं. रंग जितका जास्त तितकी सुरक्षा जास्त, हा समज त्याने खोडला.

अहवालाच्या पहिल्या पानावर चार आकडे द्या : दुरुस्त केलेली घट आणि तिची मर्यादा, सायकलींमधला बदल, ट्रॅक वापरणाऱ्यांचं प्रमाण, ८५ वा वेग. गुणोत्तराची मर्यादा एकच्या दोन्ही बाजूंना पसरत असेल तर ‘परिणाम झाला नाही’ असं लिहू नका. ‘एवढ्या आकड्यांवरून सांगता येत नाही’ असं लिहा, दोन्हींत फरक आहे. हुकलेल्या धडकांचा निकाल मात्र वर्षभरात द्या, म्हणजे चौकातली वळणाची त्रिज्या कमी करणं किंवा ट्रॅकचं टोक पुढे नेणं, अशा दुरुस्त्या तीन वर्षं थांबत नाहीत. गुन्हा क्रमांकांची यादी, मोजणीचे कच्चे तक्ते, खुणांच्या जागा आणि चौकाची ठरवलेली हद्द हे सगळं अहवालालाच जोडा. अभियंत्याची बदली झाली तरी पुढच्या माणसाला तीच मोजणी त्याच जागी करता आली पाहिजे.